उन्हाची मात्रा

धाराशिव जिल्ह्याचें वैशाखांतील ऊन ज्यानें अंगावर घेतलें आहे, त्यास ऊन विकत घेण्याची कल्पनाच चमत्कारिक वाटेल. हा मुलूख विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें अठरा अंशांवर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास व पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य येथें भर दुपारीं अगदीं डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायांखालीं लपते. बालाघाटाच्या उघड्या माळांवर, तुळजापूर, कळंब, भूम, परांड्याच्या शेतांत काम करणारी बाई साडीवर पुरुषी सदरा चढविते, डोक्याला फडकें घट्ट बांधते, आणि इतकें करूनहि संध्याकाळपर्यंत तिचे हात रापतातच. ‘रापणें’ हा शब्दच मराठींत कष्टाच्या बाजूचा आहे. रापलेला चेहरा म्हणजे रानांत राबलेला चेहरा. तो कोणी हौसेनें मिळवीत नाहीं.

परंतु याच पृथ्वीच्या पाठीवर असे देश आहेत कीं, जेथें शहरांतील सुखवस्तु लोक पैसे मोजून एका पेटींत निजतात, पेटीच्या तळाशीं व झांकणांत बसविलेल्या लांबट दिव्यांचा जांभळट प्रकाश दहा-पंधरा मिनिटें उघड्या अंगावर घेतात, आणि रापलेली कातडी घेऊन घरीं जातात. अशा दुकानांस तिकडे टॅनिंग सलून म्हणतात. आपल्याकडे हा धंदा फारसा रुजला नाहीं. तरीहि त्या पेटीचा इतिहास मराठी माणसानें जाणून घेण्यासारखा आहे. कारण त्याचा एक धागा आपल्या वैद्य-हकीमांच्या खलांतून गेला आहे, आणि दुसरा नाशिकच्या पडदानशीन घरांच्या अंधारांतून.

प्रथम वैद्यांचा. चरकसंहितेंत श्वित्राची, म्हणजे पांढऱ्या कोडाची, जी चिकित्सा सांगितली आहे, तींत रोग्यास काकोदुंबराचा रस गुळाबरोबर पाजावा, अंगास तेल चोळावें, आणि मग त्यास उन्हांत बसवावें असें आहे. किती वेळ? तर रोग्याचें बळ पाहून. डागांवर फोड येतील हें ग्रंथकारास पक्कें ठाऊक होतें. ते कांट्यानें फोडावे असेंहि तो सांगतो. काकोदुंबर हा उंबराच्या जातीचा रानटी वृक्ष. कोडावरच्या लेपांत त्याच्या जोडीला येते ती बावची. पडीक रानांत आपोआप उगवणारी ही वनस्पति. तिला जांभळट बारीक फुलें येतात, आणि तिचें बीं काळें, चपटें व उग्र वासाचें असतें. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि शेवटच्या निजामाच्या नांवावरूनच त्याला उस्मानाबाद म्हणत. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि जुनें धाराशिव हें नांव त्याला सरकारी दप्तरांत २०२३ सालीं परत मिळालें. निजामाच्या मुलखांत वैद्यांबरोबर हकीमांचाहि मोठा मान असे. हकीम कोडाला ‘बरस’ म्हणत, आणि त्यांच्याहि औषधांत बावची व ऊन हीं दोन्हीं होतींच. हैदराबादेस आज त्वचारोगांसाठीं युनानी वैद्यकाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि तिचा नांवलौकिक मुख्यतः कोडावरील उपचारांसाठींच आहे.

संस्कृत ग्रंथ आणि अरबी-फारशी ग्रंथ यांचा असा एका काळ्या बियावर मेळ कां बसावा, याचा उलगडा १९३३ सालीं होऊं लागला. त्या वर्षीं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीं बावचीच्या बियांतून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळें काढलें. वनस्पतीच्या लॅटिन नांवावरून त्यास सोरालेन म्हणतात. उंबर-अंजिराच्या कुळांतील झाडांतहि त्याच्या जातीचीं द्रव्यें सांपडतात. हें द्रव्य अंधारांत कातडीचें कांहींच करीत नाहीं. मात्र त्यावर सूर्याचे अतिनील किरण पडले, म्हणजे तें कातडीच्या पेशींतील वंशद्रव्यास जाऊन चिकटतें, कातडी भाजल्यासारखी लाल होते, आणि निजलेल्या रंगपेशी जाग्या होऊं लागतात. अर्धें औषध बियांत व अर्धें उन्हांत, असा हा प्रकार आहे. म्हणूनच तें वैद्याच्या डोळ्यांदेखत घ्यावयाचें. घटकाभर ऊन अधिक झालें कीं, डाग भरण्याऐवजीं कातडीच सोलून निघते. बावचीचें तेल दुकानांतून आणून, फासून, दुपारभर अंगणांत बसलेले व भाजून दवाखान्यांत आलेले रोगी आजहि त्वचेच्या डॉक्टरांना भेटतात.

युरोपीय वैद्यकाला प्रकाशाची ही शक्ति फार उशिरां, आणि तीहि ऊन दुर्मिळ असलेल्या देशांत उमगली. नील्स फिनसेन हा १८६० सालीं फॅरो बेटांवर जन्मलेला डॉक्टर कोपनहेगन येथें राहत असे. तो स्वतः असाध्य रोगानें जर्जर झालेला होता. त्या काळीं कातडीच्या क्षयानें हजारों लोकांचीं नाकें व गाल झडत. अशीं माणसें तोंड झांकून, लोकांची दृष्टि चुकवून जगत. फिनसेननें विजेच्या कार्बन-दिव्याचा प्रकाश गारेच्या भिंगांतून एकवटला, कारण साधी कांच अतिनील किरणांचा जो भाग अडविते तो गार अडवीत नाहीं. मधून पाणी खेळवून त्यानें उष्णता काढून घेतली. परिचारिका रोग्याच्या गालावर भिंग दाबून रोज तासभर बसत, आणि असे महिनेच्या महिने जात. जखमा भरूं लागल्या. १८९६ सालीं त्याची संस्था उभी राहिली, १९०३ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें, आणि पुढच्याच वर्षीं, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. आजच्या टॅनिंग सलूनमधील पेटी ही या दिव्याची दूरची नात आहे. आजोबा रोग्यासाठीं जन्मला होता, एवढें येथें लक्षांत ठेवावें.

दुसरा धागा नाशिकचा. लहान मुलांचीं हाडें मऊ होऊन पाय धनुष्यासारखे वांकतात त्या रोगास आपण मुडदूस म्हणतों. युरोपांतील धुरकट शहरांत तो घरोघर होता, आणि तो अन्नाच्या उणिवेनें होतो कीं उन्हाच्या, हा वाद तेथें वर्षानुवर्षें चालला होता. १९२२ सालीं हचिसन व शहा या दोन डॉक्टरांनीं नाशिककडील पाहणी प्रसिद्ध केली, आणि तिनें हा वाद एका अनपेक्षित बाजूनें उजळला. गरीब मजुरांच्या घरीं अन्न निकृष्ट, तरी त्यांच्या बायका-मुलांत हा रोग जवळजवळ नव्हता. तो होता तो खाऊन-पिऊन सुखी अशा, पडदा पाळणाऱ्या मुसलमान व वरिष्ठ वर्गाच्या हिंदु घरांत. मुलगी न्हाती-धुती होण्याच्या सुमारास घराबाहेर पडेनाशी होई. मग माजघर, स्वयंपाकघर, आणि पुढें बाळंतिणीची बंद खोली. चार भिंतींच्या आंत राहून तिचीं हाडें मऊ होत. चालतांना कंबर दुखे, जिना चढवेना. कमरेच्या हाडांचा घेरा दबून अरुंद झाला म्हणजे प्रसूति अडे, व कित्येकदां त्यांत आई व मूल दोघेंहि जात. काश्मिरांत काम केलेल्या डॉक्टर कॅथलीन व्हॉन या बाईंनीं १९२८ सालीं याच विषयावर पुस्तक लिहिलें, व दोष स्पष्टपणें पडद्याच्या चालीवर ठेविला. घरची अब्रू राखण्यासाठीं ज्या मुलीला उन्हापासून जपलें, तिला त्या जपण्यानेंच मारलें, ही गोष्ट पचनीं पडण्यास आपल्या समाजाला बराच काळ लागला.

इकडे बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्की या बालवैद्यानें १९१९ सालींच मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या वाफेचा दिवा वापरून पाहिला होता. महायुद्धानंतरची उपासमार, मुलें पांढरीफटक. दिव्यापुढें कांहीं आठवडे बसविल्यावर त्यांचीं हाडें क्ष-किरणांच्या चित्रांत भरलेलीं दिसूं लागलीं. त्यानें एका मुलाचा एकच हात दिव्याखालीं धरला, तरी दुसऱ्याहि हाताचीं हाडें सुधारलीं. म्हणजे कातडींत कांहीं तरी तयार होतें व तें रक्तावाटे सर्वत्र पोंचतें, हें उघड झालें. पुढें त्या पदार्थास ड जीवनसत्त्व हें नांव मिळालें.

येथें आपल्या ‘कोवळ्या उन्हा’विषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. तान्ह्या मुलाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हांत धरण्याची आजीबाईंची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. कोवळें ऊन, तिरीप, रणरणतें ऊन, उन्हाचा तडाखा: आपल्या भाषेंत उन्हाला अशा मात्रा आहेत, आणि ही मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. मात्र ड जीवनसत्त्व बनविणारे किरण सूर्य वर चढल्यावर, आपली सावली आपल्या उंचीपेक्षां आखूड होते तेव्हां, अधिक पोंचतात. अगदीं सकाळच्या तिरप्या उन्हांत ते फारच थोडे असतात. तेव्हां कोवळें ऊन बाळाला ऊब देतें, त्याला भाजत नाहीं, पण हाडांचें सारें काम त्याच्यावर सोडतां येत नाहीं. म्हणून आतां डॉक्टर तान्ह्या मुलांना त्या जीवनसत्त्वाचे थेंब देतात. आजीचें चुकलें असें नव्हे. अंगणांतलें मूल घरांत राहूं लागलें, हें खरें कारण.

दिव्याची कीर्ति पसरतांच तो रुग्णालयांतून बाहेर पडूं लागला. जामनगरच्या जामसाहेबांनीं, म्हणजे क्रिकेटमुळें जगाला ठाऊक झालेल्या रणजितसिंहांनीं, फ्रान्समधील डॉक्टर सैदमान यांच्या देखरेखीखालीं एक सूर्यगृह बांधविलें. तें १९३३ सालीं पुरें झालें. एका उंच मनोऱ्यावर खोल्यांची लांब रांग, आणि ती रांग सूर्याबरोबर फिरे, असें तें यंत्र होतें. आज तें फिरत नाहीं, पण मनोरा उभा आहे. सैदमान यांची सारी धडपड रोग्यांसाठींच होती. परंतु त्याच सुमारास युरोप-अमेरिकेंत घरीं वापरण्याचे ‘सूर्यदीप’ आरोग्याच्या नांवाखालीं खपूं लागले होते, आणि हळूहळू आरोग्य मागें पडून रंग पुढें आला. फ्रान्सची पोशाखकर्ती कोको शानेल समुद्रपर्यटनाहून रापून परतली व तेव्हांपासून ही टूम निघाली, अशी आख्यायिका आहे. पण एका बाईच्या माथीं एवढें खापर फोडणें बरें नव्हे. तिकडचा मजूर शेतांतून निघून कारखान्यांत शिरला, व तो फिका पडला. मग रापलेली कातडी ही मजुराची खूण न राहतां, समुद्रकांठीं सुटी घालविणाऱ्या श्रीमंताची खूण झाली. रंगाची किंमत बाजारभावाप्रमाणें बदलते ती अशी.

१९७० नंतरच्या दशकांत जर्मनीच्या फ्रेडरिक वोल्फ यानें दिव्यांची निजावयाची पेटी बाजारांत आणली. ती लवकरच अमेरिकेंत गेली, आणि गल्लोगल्लीं सलूनें निघालीं. नियम होते, नाहीं असें नाहीं. डोळ्यांवर गडद चष्मा हवा, कारण नुसत्या मिटलेल्या पापण्या हे किरण पुरते अडवीत नाहींत. गोऱ्यांत गोऱ्या कातडीस थोडीं मिनिटें, सांवळीस अधिक. अंगास अत्तर लावलेलें नसावें, कांहीं विशिष्ट औषधें पोटांत गेलेलीं नसावींत. कागदावर सारें चोख. परंतु वैद्याचा नफा रोगी लवकर बरा होण्यांत असतो, निदान असावा. सलूनवाल्याचा नफा मिनिटांत मोजला जातो. त्यास गिऱ्हाईक पुन्हां पुन्हां यावयास हवें असतें, आणि राप कांहीं आठवड्यांत उतरतो म्हणून तें येतेंच.

मौज अशी कीं, बावचीचें तत्त्वहि याच बाजारांत पुन्हां अवतरलें. बर्गमोट नांवाच्या लिंबाच्या तेलांत सोरालेनच्याच जातीचें द्रव्य असतें. युरोपांत तें राप लवकर चढविणाऱ्या मलमांत घातलें जाई, व लोक तें चोपडून तासन्‌तास वाळूंत पडत. चरकानें जी गोष्ट बळ पाहून करावयास सांगितली, ती येथें बळ न पाहतां, रोग नसतांना, मौजेखातर चालली होती. १९९५ सालीं युरोपांतील कायद्यानें अशा मलमांतील त्या द्रव्याचें प्रमाण नाममात्र करून टाकलें.

राप म्हणजे वस्तुतः काय, हें या सर्व काळांत कळत गेलें. अतिनील किरण कातडीच्या पेशींतील वंशद्रव्य मोडतात. ती मोडतोड झाल्याची वर्दी लागतांच रंगपेशी काळें रंगद्रव्य करून शेजारच्या पेशींच्या गाभ्यावर त्याची छत्री धरतात. म्हणजे राप ही इजा झाल्याची पावती आहे. ‘आधीं सलूनमध्यें थोडें रापून घ्या, मग समुद्रावर भाजणार नाहीं’ असें गिऱ्हाइकास सांगत. पण त्या रापानें मिळणारें संरक्षण अगदींच तुटपुंजें असतें. ‘ड जीवनसत्त्व मिळेल’ हा दुसरा युक्तिवाद. तोहि लंगडाच, कारण पेटींतील बहुतेक दिवे अतिनीलांतील लांब लहरींचे, आणि तें जीवनसत्त्व बनतें आंखूड लहरींनीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या लियों येथील कर्करोग-संशोधन संस्थेनें २००९ सालीं या पेट्यांना तंबाखूच्या पंक्तीस, म्हणजे कर्करोगकारक म्हणून निःसंशय ठरलेल्या वस्तूंच्या वर्गांत, बसविलें. पस्तिशीच्या आंत ज्यांनीं पेटीचा वापर सुरू केला, त्यांना कातडीचा काळा कर्करोग होण्याचा धोका सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढतो असें तेव्हांच्या अभ्यासांवरून दिसलें. २०१२ च्या अधिक मोठ्या मोजणींत हा आकडा ५९ वर आला. आकडा उतरला म्हणून समाधान मानण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं. ब्राझीलनें २००९ सालींच असा धंदा सर्वस्वीं बंद केला, ऑस्ट्रेलियाच्या राज्यांनीं २०१६ पर्यंत तेंच केलें, आणि इंग्लंडांत २०११ पासून अठरा वर्षांखालील मुलांना पेटींत जाऊं देणें हा गुन्हा झाला.

आतां पुष्कळांस वाटेल कीं, गोऱ्या लोकांचें हें वेड आपणांस कशाला हवें! परंतु आपल्याकडील सौंदर्यगृहांच्या पाटीवर पाहावें. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गांवींहि ‘डी-टॅन’ हा शब्द आतां नवा राहिला नाहीं. तिकडे राप चढविण्याचे पैसे, इकडे उतरविण्याचे, कातडी तीच. १९७५ सालीं बाजारांत आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ मलमानें गोरेपणाच्या आशेवर पंचेचाळीस वर्षें धंदा केला व २०२० सालीं नांवांतील ‘फेअर’ तेवढें पुसलें. हें त्यांतल्या त्यांत सौम्य. याहून वाईट म्हणजे रंग उजळ करण्यासाठीं चोरून पारा घातलेलीं मलमें. अकोल्याच्या एकाच कुटुंबांतील तिघींचीं मूत्रपिंडें अशा मलमानें बिघडल्याचें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील तपासणीवरून उघडकीस आलें. स्टेरॉइडचीं मलमें तर कोणाच्याहि सल्ल्यावांचून तोंडाला फासलीं जात. कातडी आधीं उजळते, मग पातळ होऊन लाल शिरांचें जाळें दिसूं लागतें, आणि मलम सोडलें कीं तोंडाची आग होते. सरकारनें २०१८ सालीं अशा अनेक मलमांच्या खुल्या विक्रीस आळा घातला. बावची, दिवा, पारा, स्टेरॉइड: प्रत्येक वस्तूचा जन्म कोठें तरी औषधीच्या फळीवर झालेला आहे.

आणि आपल्या सांवळ्या कातडीला कर्करोग होतच नाहीं, असेंहि नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ सालीं एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलें. धोतर कमरेला वर्षानुवर्षें एकाच जागीं आवळून नेसल्यानें तेथील कातडी काळवंडते, जाड होते, आणि कांहीं थोड्यांस तेथेंच कर्करोग होतो. साडीच्या गांठीखालींहि असेच रोगी पुढें आढळले. उन्हानें जें येथें क्वचित् केलें, तें नाडीच्या काचानें केलें. कमरेवरचा काळा वळ दुखत नाहीं म्हणून बायका तो कोणास दाखवीत नाहींत. तो दाखवावा, आणि नाडी रुंद घ्यावी.

उन्हाचा खरा धोका आपल्याकडे आहे तो रंगद्रव्यच नसलेल्या जन्मजात गोऱ्या-पिंगट मुलांना, आणि जपावयास हवेत ते कोडाचे डाग. अशा मुलाला भर दुपारीं रानांत पाठवितांना लांब बाह्यांचा सदरा व रुंद कडेची टोपी ही चैन नव्हे. कोडाचा खरा त्रास मात्र उन्हाचा नाहीं, लोकांच्या नजरेचा आहे. तो संसर्गजन्य नाहीं, तो कुष्ठ नाहीं, तरी त्यापायीं ठरलेलीं लग्नें मोडतात, आणि मुलीच्या बहिणींचींहि अडतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं २००६ सालीं याच दुःखावर ‘नितळ’ हा चित्रपट काढला. या नजरेच्या भीतीनेंच माणसें बावचीच्या तेलाची बाटली घेऊन दार लावून बसतात.

त्यांच्यासाठीं वैद्यकानें तो जुना दिवा पुन्हां आपल्या हातीं घेतला आहे. सोरालेन देऊन अतिनील किरण देण्याची पद्धत कैरोच्या डॉक्टरांनीं १९४८ च्या सुमारास कोडावर वापरली. १९७४ सालीं अमेरिकेंत ती सोरायसिसवर आली. तीहि निर्धोक ठरली नाहीं. शेंकडों वेळां किरण घेतलेल्या गोऱ्या रोग्यांत कातडीचे कर्करोग वाढलेले दिसले. म्हणून आतां बहुधा औषधावांचून, ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींचाच अरुंद पट्टा वापरतात. धाराशिवच्या रोग्यास त्यासाठीं सोलापुरास जावें लागो कीं पुण्यास, दृश्य सारखेंच असतें. चारी बाजूंनीं दिवे लावलेली एक उभी पेटी, सलूनमधल्या पेटीची सख्खी बहीण शोभावी अशी. रोगी चष्मा लावून आंत उभा राहतो. पहिल्या दिवशीं दिवे जेमतेम मिनिटभर, केव्हां केव्हां त्याहूनहि कमी, लागतात. दोन-तीन दिवसांनीं तो पुन्हां येतो. डॉक्टर डागाची कड बोटानें दाबून पाहतात, लाली किती वेळ टिकली तें विचारतात, आणि मग वहींत मागच्या आंकड्याखालीं नवा आंकडा मांडतात.